अभ्यंगस्नान आणि तिसऱ्या

माणसाची पारख करायची तर त्याचं पुस्तकांचं कपाट बघावं, असं विद्वान लोक सांगतात. मला हे पटत नाही. कपाट लोक दाखवण्यासाठीच लावतात. माणूस खरा कळायचा तर त्याची मोरी बघावी.

आमच्या वडिलांच्या मोरीत तीनच वस्तू होत्या. तांब्याचा बंब, पाय घासायची वजरी आणि साबणाची एक लाल वडी. ही वडी अंगाला, डोक्याला, दाढीला आणि प्रसंगी आमच्या तोंडाला (शिवी दिली तर) अशी सर्वत्र चालत असे. झिजून पापुद्र्याएवढी झाली की तिला नव्या वडीच्या पाठीवर चिकटवत. त्यामुळे आमच्या घरातला साबण संपला असं कधी झालंच नाही. आत्म्यासारखा तो एक देह सोडून दुसऱ्यात जाई.

आता त्याच मोरीला बाथरूम म्हणतात आणि तिथे चौदा बाटल्या आहेत. मी मुद्दाम मोजायला गेलो नव्हतो. या दिवाळीत नरकचतुर्दशीच्या पहाटे सर्वांगाला फेस लागलेला असताना नळाचं पाणी गेलं. स्टुलावर बसून वाट बघण्यावाचून इलाज नव्हता आणि वाचायला दुसरं काही नव्हतं. एका बाटलीत केस धुण्याचं द्रव्य होतं, दुसरीत धुतलेले केस पुन्हा माणसांत आणण्याचं. पायाच्या टाचेला वेगळं, हाताच्या कोपराला वेगळं. एकीवर छापलं होतं, ‘चोवीस तास टिकणारा सुगंध.’ मी बँकेतून निवृत्त होऊन आता खाडीकाठच्या या गावी राहतो. चोवीस तास मला हुंगणार कोण? पण पाणी आल्यावर मी तीही अंगावर ओतली. पैसे दिलेले असतात.

बाहेर आलो तर पुतणी पडवीत चहा पीत बसलेली. ती मत्स्यशास्त्र शिकली आहे. आमच्या लहानपणी मासे खायला शिकावं लागे, हल्ली त्याची पदवी मिळते. मी जवळून गेलो तशी तिने नाक वर केलं.

“काका, केवढा हा घमघमाट! हे सगळं पाणी जातं कुठे?”

“गटारात.”

“आणि गटार?”

“पऱ्ह्याला मिळतं.”

“पऱ्ह्या?”

“खाडीला.”

“आणि खाडीत काय असतं?”

“तिसऱ्या!” मी म्हटलं. हा शब्द उच्चारताना माझा आवाज दिवसाच्या कुठल्याही वेळी प्रसन्न होतो. ओल्या नारळाच्या वाटपात नुसत्या एकशिपीने बसलेल्या तिसऱ्या ज्याने खाल्ल्या नाहीत, त्याला मी मुक्तीबद्दल काही सांगायला जात नाही. पण पुतणी हसली नाही. “तेच म्हणतेय मी,” एवढंच म्हणाली आणि चकली मोडली.

पुढचा तासभर माझी शिकवणी झाली.

तिसरी चिखलात बसते आणि दोन नळ्या वर काढते. एकीने पाणी आत, दुसरीने बाहेर. मध्ये कल्ले. हेच कल्ले तिचं नाक आणि हीच तिची चाळण. म्हणजे श्वास आणि जेवण दोन्ही एकाच खिडकीवर. पाण्यात जे असेल ते तिथून जाणार. दार बंद करून बसता येतं, पण किती वेळ? कालवं, शिणाणे, खुबे, सगळ्या शिंपल्यांची तऱ्हा थोड्याफार फरकाने हीच. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरचं एक मोठं कालव सगळं मनासारखं असेल तर दिवसाला दीडपावणेदोनशे लिटर पाणी गाळतं म्हणे. आपल्याकडे शहरात माणशी रोज १३५ लिटर पाणी द्यावं असा सरकारी मापदंड आहे. मी बँकेतला माणूस, लगेच हिशेब केला. माझं रोजचं सगळं सांडपाणी निस्तरायला एक कालव पूर्णवेळ नोकरीला लागेल. रविवारची सुटी नाही, महागाईभत्ता नाही आणि वर नोकरी संपली की मालकच खाणार!

“पण माझ्या बाटलीत विष थोडंच आहे?” मी म्हटलं. “वास आहे नुसता.”

“वासाचंच सांगते,” ती म्हणाली.

हा वास म्हणजे बहुधा नकली कस्तुरी. १८८८ साली आल्बर्ट बाऊर नावाचा जर्मन रसायनशास्त्रज्ञ जोरदार स्फोटक तयार करायला बसला होता. स्फोटक राहिलं बाजूला आणि भांड्यातून कस्तुरीचा वास येऊ लागला. बाँब करायला जावं आणि अत्तर व्हावं, असं मानवजातीच्या इतिहासात फार वेळा घडलेलं नाही, म्हणून मला हा गृहस्थ आवडला. शिवाय खरी कस्तुरी मिळवायची तर हरणाचा जीव घ्यायचा, आता ते नको. इतकं पुण्याचं काम! पुढे याच वंशातली नवनवी रसायनं निघाली. साबण, शाम्पू, कपडे धुण्याची पावडर, सगळ्यांत ती गेली. त्यांचा मोठा गुण म्हणजे टिकाऊपणा. कपडा धुतला, वाळवला, इस्त्री केली तरी वास तिथेच. पण जे इस्त्रीखाली टिकतं ते गटारात गेल्यावर तरी का विरेल? १९८१ साली जपानमध्ये टोकियोजवळच्या तामा नदीतल्या माशांत आणि पुढे शिंपल्यांतही ही कस्तुरी सापडली. ज्याच्या नाभीत ती असायची ते हरीण डोंगरावर, आणि कस्तुरी निघाली शिंपलीच्या पोटात!

आणि तिथे ती करते काय? यासाठी मला आमच्या मुंबईच्या सोसायटीतल्या वॉचमनची गोष्ट सांगितली पाहिजे.

हा वॉचमन अत्यंत कडक होता. एकदा मलाच त्याने अर्धा तास फाटकाबाहेर उभं केलं होतं. अशा या माणसाकडे एक उदबत्ती विकणारा येऊ लागला. तो चोर नव्हता. कुणाच्या घरात शिरला नाही, कशाला हात लावला नाही. वॉचमनजवळ स्टूल ओढून गोड बोलत बसायचा एवढंच. आणि त्याच्या पाठीमागून भंगारवाले, चपला पळवणारे, वर्गणीवाले असे सगळे आत येत. गंमत म्हणजे उदबत्तीवाला निघून गेला तरी वॉचमन दुसऱ्या दिवसापर्यंत त्याच तंद्रीत असे.

शिंपलीच्या पेशीपेशीच्या दारात असा एक वॉचमन असतो. नको ते रसायन आत आलं की त्याला धरून बाहेर काढायचं, हे त्याचं काम. २००५ साली अमेरिकेत टिल लुकेनबाख आणि डेव्हिड एपेल या दोघा शास्त्रज्ञांनी कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरच्या शिणाण्यांचे कल्ले या कस्तुरीच्या पाण्यात ठेवून पाहिले. कस्तुरीने स्वतः कुणाचा गळा धरला नाही. तिने वॉचमनला गुंगवलं. मग कल्ले स्वच्छ पाण्यात हलवले, तरी दुसऱ्या दिवशीही तो भानावर आला नव्हता. म्हणजे दार उघडं, आणि बाहेर रांगेत कारखान्यांचं, शेतांचं, बोटींचं जे काही उभं असेल ते आत.

माझा चेहरा बघून पुतणीला दया आली असावी. “तसं त्या प्रयोगातलं प्रमाण समुद्रात एरवी असतं त्याहून बरंच जास्त होतं हं, काका,” ती म्हणाली.

मी ताबडतोब हे वाक्य धरलं. बुडत्याला काडीचा, तसा सुगंधित माणसाला प्रमाणाचा आधार. प्रमाण! माझ्या एका टोपणभर द्रवाने अरबी समुद्राचं काय वाकडं होणार? समुद्र केवढा, टोपण केवढं? माझा आत्मा पुन्हा त्या लाल वडीइतका निर्मळ झाला. दुसरी चकली घेतली.

“बरं, आता तापमानाचं,” ती म्हणाली.

खरं सांगायचं तर समुद्र तापल्याच्या बातम्या मी वाचतो आणि पान उलटतो. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतल्या रॉक्सी मॅथ्यू कॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ साली दाखवून दिलं की १९०१ ते २०१२ या काळात पश्चिम हिंदी महासागराचं पाणी उन्हाळ्यात १.२ अंशांनी तापलं. मी म्हटलं, सव्वा अंशाने काय होतंय? एवढ्यावर आमच्या बँकेत आजारपणाची रजासुद्धा मंजूर झाली नसती.

“सेल्सिअसमधला सव्वा म्हणजे तुमच्या घरच्या थर्मामीटरवरचे दोनाहून जास्त,” ती म्हणाली. “मागे तुम्हाला शंभर ताप होता तेव्हा तुम्ही मृत्युपत्राचा कागद मागितला होता. काकू सांगत होती.”

काकू असल्या गोष्टी अगत्याने सांगते.

शिंपलीला स्वतःची ऊब नसते. पाणी तापलं की ती तापते. तापली की तिचं काळीज भराभर चालतं, तिला प्राणवायू जास्त लागतो आणि नेमका तापलेल्या पाण्यात तो कमी. मग काही मर्यादेपर्यंत ती आणखी जोराने पाणी ओढते. म्हणजे पाण्यात जे काही आहे तेही आणखी आत. उठून सावलीत जाणं नशिबी नाही. तिची सगळी शक्ती म्हणजे आमच्या पगारासारखी, महिन्याची ठरलेली. त्यात उष्णतेने बिघडलेली शरीरातली कामं दुरुस्त करायची, वॉचमनचा पगार द्यायचा, शिंपला वाढवायचा आणि उरलं तर पोराबाळांचं बघायचं. दोन खर्च एकदम अंगावर आले की मध्यमवर्गीय माणूस जे करतो तेच ती करते. आधी पोराबाळांचं लांबणीवर टाकते, मग घराची डागडुजी, आणि शेवटी गप्प बसते.

कधी तेवढीही सवड मिळत नाही. २०२१ च्या जूनअखेर कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावर अशी लाट आली की लिटन नावाच्या गावात पारा ४९.६ अंशांवर गेला. व्हँकुव्हरच्या किनाऱ्यावर ओहोटीला उघडे पडलेले खडक पन्नासाच्या वर तापले. तिथल्या विद्यापीठातले ख्रिस्तोफर हार्ली किनाऱ्यावर पोचले ते दुर्गंधीच्या मागावर. शिणाणे आपल्याच शिंपल्यात शिजून आ वासून पडले होते. त्यांनी मांडलेला अंदाज असा, की त्या काही दिवसांत किनाऱ्यावरचे शंभर कोटींहून अधिक जीव मेले असावेत.

हे ऐकल्यावर मी चकली खाली ठेवली. कारण तिसऱ्या मीही तशाच शिजवतो. झाकण ठेवून, वाफेवर, तोंड उघडेपर्यंत. फरक एवढाच की मी त्या खातो. आता हा फरक माझ्या बाजूचा की विरुद्ध बाजूचा, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. खाण्यासाठी मारणं मला समजतं. त्यात निदान मारणारा आणि मरणारा समोरासमोर असतात, आणि मधे नारळ असतो. पण आपल्याला सुगंध यावा म्हणून, ज्याचं तोंडही कधी पाहिलं नाही त्याच्या दारातला पहारा सुस्त करायचा, याला काय म्हणावं? चोरी नाही, हत्या नाही, खोटं बोलणं नाही. आमच्या आजीने पापांची जी यादी पाठ करून घेतली होती तिच्यात हे कुठल्याच सदरात बसत नाही.

आजीवरून मला खुलभर दुधाची कहाणी आठवली. श्रावणी सोमवारी ती सांगायची. राजाला महादेवाचा गाभारा दुधाने भरायचा होता. गावातल्या सगळ्यांनी दवंडीला भिऊन घरातलं दूध नेऊन ओतलं. गाभारा काही भरेना. मग एक म्हातारी आली, तिने खुलभर दूध घातलं आणि गाभारा भरला. लहानपणी मला हा निव्वळ चमत्कार वाटायचा, आणि थोडासा हिशेबातला घोटाळा. आता त्या कहाणीत दोन गोष्टी वेगळ्याच दिसतात. एक म्हणजे खुलभराने गाभारा भरतो. माझ्या टोपणभर सुगंधाचं समर्थन तिथेच लंगडं पडतं, कारण टोपण माझ्या एकट्याच्या हातात नाही. आमच्या गल्लीतच वीस घरं आहेत आणि चौदा बाटल्या म्हणजे त्यातल्या त्यात कमी. दुसरी गोष्ट म्हणजे म्हातारीने आधी घरातल्या मुलांना, गाईच्या वासरांना पाजलं होतं आणि मग उरलेलं नेलं होतं. बाकीच्यांनी वासरं उपाशी ठेवून ओतलं होतं. शेवटी महादेवाने नुसतं दूध मोजलं नव्हतं.

तर असा मी वैराग्याच्या उंबरठ्यावर उभा असतानाच तिसरीवाली दारात आली. पाटी उतरवताना म्हणाली, “घ्या काका, दिवाळीच्या.”

ही बाई वीस वर्षं आमच्याकडे येते. तिच्याआधी तिची आई यायची. ओहोटीच्या वेळी गुडघाभर चिखलात वाकून हातांनी आणि विळ्याच्या टोकाने तिसऱ्या काढायच्या. भरती कुणासाठी थांबत नाही. मी वाटा बघितला आणि म्हटलं, “अगं, एवढासाच?”

“नाय मिळत आता पयल्यासारख्या. पयली दोन तासांत पाटी भरायची. आता अख्खी ओहोटी जाते तरी तळ झाकत नाय.”

मी पुतणीकडे बघितलं. ती हळूच म्हणाली, “सगळं साबणावर ढकलू नका, काका. वाळूउपसा आहे, पिल्लंसुद्धा न सोडता काढणं आहे. कितीतरी कारणं आहेत.” हल्लीच्या शिकलेल्या मुलांचं हे एक वाईट असतं. धड अपराधीही वाटू देत नाहीत.

पण मला आता राहवेना. नवा मुसलमान पाच वेळा बांग देतो म्हणतात, त्या उत्साहाने मी तिसरीवालीला विचारलं, “तू साबण कुठला वापरतेस गं?”

ती जरा चपापली. मग म्हणाली, “वासाचा. लय वासाचा. महाग पडतो, पण काय करनार? एस्टीत शिरलं की लोकं नाकाला पदर लावतात. कंडक्टर मागं बसवतो. म्हनून येताना, जाताना दोनदा घासून आंघोळ करते. पोरगी तर चिखलात यायलाच तयार नाय. पार्लरात जाते. दिसभर बायांची डोकी धुते. अंगाला चांगला वास येतो म्हनते.”

यावर काय बोलावं ते मला सुचलं नाही. माझी चोवीस तासांची बाटली ही हौस होती. तिची वडी म्हणजे एस्टीतल्या पुढच्या बाकाचं तिकीट होतं. आणि त्या बसमध्ये नाकाला रुमाल लावून बसलेला मीसुद्धा कधीतरी असेन. नक्की असेन. शेजारचे काका तिसऱ्यांकडे बघून नेहमी म्हणतात, “शी! घाण खातात हो त्या.” खातात खऱ्या. घाण कोणाची, ते मी त्यांना कधी विचारलं नाही. जो आपली घाण काढतो त्यालाच घाणेरडा म्हणायचं, ही आपली रीत तिसऱ्यांपासून सुरू झाली की त्यांच्यापर्यंत शेवटी पोचली, कोण जाणे. मी दोन वाटे घेतले. घासाघीस केली नाही. तिला त्याचंच आश्चर्य वाटलेलं दिसलं.

मी जरा शोध घेतला तेव्हा कळलं की सरकारंसुद्धा माझ्यासारखीच हळूहळू विचार करतात. त्या कस्तुरीतलं एक रसायन युरोपने २०११ साली परवानगीशिवाय वापरायचं नाही अशा यादीत टाकलं. उन्हाने अंग काळवंडू नये म्हणून लावायच्या मलमांतली दोन द्रव्यं हवाई बेटांनी २०२१ पासून दुकानांत विकायला बंदी केली, प्रवाळासाठी. अमेरिकेत तर १९८६ पासून किनारोकिनारच्या शिणाण्यांना नि कालवांना साक्षीदार नेमलंय. त्यांच्या पोटात काय सापडतं त्यावरून पाण्याची चौकशी होते. साक्षीदाराला चिरून जबानी घेण्याची पद्धत कोर्टात चालली नसती. पण तो खोटं बोलत नाही, हे मान्य केलं पाहिजे.

संध्याकाळी हिने तिसऱ्या मोठ्या परातीत मिठाच्या पाण्यात घालून ठेवल्या. रेती टाकण्यासाठी ठेवाव्या लागतात. दिवा बारीक करून मी शेजारी पाट मांडून बसलो. थोड्या वेळाने एकेकीने शिंपला किलकिला केला. दोन बारीक नळ्या बाहेर आल्या. पाण्यावर न दिसेलसा तरंग उठला. आमच्या परातीतलं तेवढं पाणी त्या मन लावून गाळत होत्या. थोड्या वेळाने चिरल्या जाणार होत्या, पण कामात कसूर नव्हती. एक जरा वेगळीच, पट्ट्यापट्ट्यांची होती. नीट बघावी म्हणून मी हात पुढे केला.

“अहो! अहो, थांबा!” ही स्वयंपाकघरातून ओरडली. “त्या पाण्यात हात घालू नका! आत्ताच तोंड धुऊन आलात ना? साबणाचे हात आहेत. तोंडं मिटून बसतील सगळ्या, रेतीसुद्धा टाकायच्या नाहीत. आधी हात धुऊन या!”

मी निमूटपणे उठून मोरीत गेलो. नळ सोडला. सवयीने हात बाटलीकडे गेला आणि तिथेच थांबला. चौदाच्या चौदा माझ्याकडे बघत होत्या. पाणी वाहत होतं. गटाराकडे, पऱ्ह्याकडे.

“झाले का हात धुऊन?” बाहेरून आवाज आला.

“धुतोय,” मी म्हटलं.

“एवढा वेळ? कशाने धुताय?”